वजन उतरलं, टायर तसाच: मशीनवाल्या उपायांबद्दल मला जे कळलं ते

वजन कमी केलं की लोक पहिलं विचारतात डाएट कुठलं, दीक्षित का दिवेकर, आणि मग जरा जवळ सरकून, आवाज खाली आणून, "पोटाचं काही केलंस का गं? ते फ्रीझ करतात म्हणे?" डाएटचं उत्तर दोन मिनिटांत संपतं. ८६ चे ६३ झाले, दोन वेळा जेवण, रोजचं चालणं, नंतर जिममध्ये वजनं उचलणं, साखर जवळपास बंद आणि त्याबरोबर येणारी भरपूर चिडचिड. पोटाचं उत्तर मात्र लांबतं, म्हणून एकदाच इथे लिहून टाकते, पुढच्या लग्नात कोणी कोपऱ्यात घेतलं की लिंक पाठवून मोकळी.

मी डॉक्टर नाहीये, बँकेत आहे. पैसे भरायच्या आधी बारीक अक्षरातलं वाचायची सवय आहे एवढंच.

तर आधी ही चरबी इतकी चिवट का असते ते. वजन कमी झालं म्हणजे चरबीच्या पेशी गेल्या असं आपल्याला वाटतं, पण त्या जात नाहीत, नुसत्या आकसतात. हे ज्या पद्धतीने सिद्ध झालंय ना ते वाचून मी थक्क झाले. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या टीमने २००८ साली हे काम छापलं. शीतयुद्धाच्या काळात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेतला कार्बन-१४ वाढला, तो झाडांत गेला, अन्नातून माणसांत आला, आणि त्याच्यावरून त्यांनी चरबीच्या पेशीचं वय काढलं! निघालं काय, तर मोठेपणी पेशींची संख्या साधारण ठरलेली असते, वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात, माणूस बारीक झाला तरी आकडा तोच. म्हणजे माझे २३ किलो गेले पण त्या सगळ्या पेशी घरातच आहेत, उपाशी आणि वाट बघत.

त्यात सगळीकडची चरबी सारखी वागत नाही. चरबी सोडायचा निरोप अ‍ॅड्रेनलिनसारखी हार्मोन्स आणतात, आणि पेशीवर ते निरोप घेणारे रिसेप्टर दोन तऱ्हेचे असतात, एक म्हणतो सोड, दुसरा म्हणतो थांब. बायकांच्या मांड्या आणि नितंबांवर हे थांब म्हणणारे जास्त. म्हणून आधी चेहरा उतरतो, गळ्याची हाडं दिसायला लागतात, सगळे म्हणतात "अगं किती सुकलीस, बरी आहेस ना", आणि खाली जीन्सचं बटण अजून कुरकुरतंच असतं.

मग पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी जाईल का? नाही. १९७१ साली टेनिस खेळणाऱ्यांचे दोन्ही हात मोजले होते, ज्या हाताने वर्षानुवर्षं रॅकेट चालवली तो हात जाड स्नायूंचा झाला होता पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही आणि अजून आमच्या जिममधले सर "पोट जाळायचंय ना, अजून वीस क्रंच" म्हणतात.

आता मुद्द्याचं. मशीनच्या मागे लागायच्या आधी पोटावर जे दिसतंय ते नक्की काय आहे हे कळलं पाहिजे, कारण ह्या सगळ्या मशीन फक्त एकाच गोष्टीवर चालतात, कातडीखालची, चिमटीत येणारी चरबी. ती सोडून पोट दिसायची निदान तीन कारणं आहेत आणि तिन्ही आमच्या घरात हजर आहेत.

पहिलं आमचे हे. हातपाय काडीसारखे, शर्ट मिडियम साइजचा, आणि पुढे गोल टणक पोट. चिमूट काढायला गेलं तर बोटभर कातडी येते फक्त. माझं वाचन चालू असताना मागून म्हणाले, "मग माझंही एक सेशन करून टाकू, डिस्काउंट देतील दोघांचं." त्यांची चरबी आत आहे, आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, तिथे कुठलंच मशीन पोचत नाही. आणि धोक्याची तीच. आपल्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी ह्यावरच आयुष्यभर काम केलंय, आपण भारतीय दिसायला बारीक पण आतून चरबीवाले, हे त्यांचं म्हणणं. २००४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन ह्यांचा एकत्र फोटो छापून आला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर यडकिनना ९.१ टक्के आणि याज्ञिकांना २१.२! हे मी ह्यांना वाचून दाखवलं. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी असं भारतीयांसाठी सांगतात, टेप आणली, मोजली, आकडा इथे लिहिणार नाही. शुगर बॉर्डरला आहे. चालायला लागलेत आता. आतली चरबी त्यातल्या त्यात चालण्याने आणि खाण्याने लवकर हलते हे एक बरं आहे.

दुसरं, कातडी. माझी नणंद माझ्याहून जास्त उतरली, तिचं म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन, बॅरिअ‍ॅट्रिक. तिच्या पोटावर आणि दंडावर आता चरबी नाहीच जवळजवळ, रिकामी कातडी आहे, पुढे वाकली की लोंबते, उन्हाळ्यात घडीत रॅश उठतात. तिला एका ठिकाणी फ्रीझिंगचं पॅकेज सांगितलं होतं. कशावर करणार होते देव जाणे! अशा कातडीला उलट चरबी काढली तर अजून ढिली दिसते. रेडिओफ्रिक्वेन्सी नावाचा प्रकार आहे, कातडी आतून गरम करतात म्हणजे कोलॅजन, कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन, आकसतं आणि पुढे नवं बनतं, थोडीशी ढिली असेल तर थोडासा फरक पडतो. त्यातच सुया टोचून आत उष्णता सोडायचा प्रकारही निघालाय, पण त्याच्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२५ मध्ये इशारा दिलाय, भाजणं, व्रण, नको तिथली चरबी जाणं, नसेला इजा अशा तक्रारी आल्या म्हणून. ज्यांची कातडी खरंच पदरासारखी लोंबते त्यांना शस्त्रक्रियेशिवाय काही नाही, हे तिच्या सर्जननेच स्पष्ट सांगितलं आणि मला ते आवडलं.

तिसरं, माझं. दोन बाळंतपणं, दोन्ही सिझेरियन. गरोदरपणात पोटाचे पुढचे दोन उभे स्नायू बाजूला सरकतात, मधली पट्टी ताणली जाते, काही जणींची ती नंतर नीट जवळ येतच नाही. डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. उताणं झोपून गुडघे वर घ्यायचे, डोकं जरासं उचलायचं आणि बेंबीच्या वर खाली मधोमध बोटं दाबून बघायची, दोन बोटांहून जास्त फट लागली तर दाखवून घ्यायचं. माझी बोटं सहज आत गेली. म्हणजे सकाळी बरं असलेलं पोट संध्याकाळपर्यंत चौथ्या महिन्यासारखं पुढे का येतं ह्याचं उत्तर मिळालं, आणि लोकलमध्ये, सॉरी, आता मेट्रोमध्ये, कोणीतरी जागा का देतं ह्याचंही. हे डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत शोधलं. त्याआधी ज्या क्लिनिकमध्ये गेले होते तिथे कोणी मला झोपवून बघितलंसुद्धा नव्हतं, टॅबवर पॅकेज दाखवलं होतं सरळ.

पण कमरेच्या दोन्ही बाजूंना जे होतं, जीन्सच्या वर उतू येणारं, ती मात्र अस्सल चरबी. मऊ, चिमटीत येणारी. तिथे मी क्रायोलिपोलिसिस, म्हणजे थंडीने चरबी मारायचं, करून घेतलं, ज्याला सगळे कूलस्कल्प्टिंग म्हणतात, खरं ते एका कंपनीच्या मशीनचं नाव आहे. बाजारात तशी दिसणारी बाकी कितीतरी मशीन आहेत, सगळ्यांना बोलताना तेच नाव लावतात, म्हणून मशीनवरचं नाव बघा, मॉडेल विचारा, लाजू नका.

ह्याची मुळातली कल्पना मला फार आवडते. अमेरिकेत लहान मुलं आइसकांडी तोंडात गालाशी धरून बसायची आणि मग त्यांच्या गालात गाठी यायच्या, १९७० साली डॉक्टरांनी त्याबद्दल लिहिलं होतं, थंडीने गालातल्या चरबीला सूज यायची, कातडीला काही नाही. म्हणजे चरबीला थंडी आधी लागते, कातडीला नंतर. हाच धागा पकडून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन ह्यांनी मोजून मापून थंडी द्यायची पद्धत काढली, २००८ मध्ये छापली, आणि २०१० मध्ये अमेरिकेत कमरेच्या बाजूंसाठी परवानगी मिळाली, २०१२ मध्ये पोटासाठी. पेशी लगेच फुटत नाही, ती आपणहून मरायची प्रक्रिया सुरू करते, मग शरीरातल्या सफाईवाल्या पेशी दोन-तीन महिने तिचा निचरा करत बसतात. त्या भागातला चरबीचा थर साधारण २० ते २५ टक्के कमी होतो.

आता हे २०-२५ टक्के नीट ऐका, कारण जाहिरातीत ते ऐकून मनात भलतंच चित्र उभं राहतं. वजनाचे नाहीत, त्या एका जागेच्या थराचे. चार सेंटिमीटरचा थर असेल तर तीन होणार. वजनकाट्यावर काहीच दिसणार नाही.

करताना कसं वाटतं ते सगळे विचारतात. आधी थंड चिकट जेलचा रुमाल ठेवतात, तो कातडी वाचवायला असतो, तो जागेवर आहे ना ते बघा. मग कपासारखं तोंड असलेलं यंत्र तो भाग आत ओढून घेतं, व्हॅक्यूमने, जोरात. पहिली पाच-दहा मिनिटं बर्फ झोंबतो तसं, मी दातओठ खात होते, मग बधिर होऊन काहीच कळत नाही, मी मोबाईलवर सिरियल बघितली. ३५ मिनिटं ते तास, मशीनवर अवलंबून. काढल्यावर तो भाग फ्रीजमधून काढलेल्या अमूल बटरच्या लादीसारखा कडक चौकोनी दिसतो आणि तो दोन मिनिटं चोळून काढतात, ते दोन मिनिटं सगळ्यात वाईट! चोळण्याने परिणाम वाढतो म्हणतात म्हणून सहन करायचं. नंतर सूज, काळं-निळं, आणि बधिरपणा, तो कित्येक दिवस राहिला, आंघोळ करताना आपली कंबर कोणा दुसऱ्याची आहे असं वाटायचं, मग कधीतरी अचानक मुंग्या आणि रात्री चमका. दोन आठवड्यांनी बघते तर काही फरक नाही, पैसे बुडाले असंच वाटलं. फरक दिसला तो तिसऱ्या महिन्यात, फोटोत. जीन्सवर टॉप आत खोचता यायला लागला. ह्यांना काहीही दिसलं नाही, शिंप्याला मात्र दिसलं, ब्लाउज द्यायला गेले तर स्वतःहून म्हणाला ताई साइड आत घ्यायला लागेल.

म्हणजे चालतं का? चालतं. थोडं चालतं. पैसे वसूल का, ते तुमच्या खिशावर. आणि पैशांवरून आठवलं, पॅकेज सांगताना ते "एका सायकलचा" भाव सांगतात, एक सायकल म्हणजे यंत्र एकदा एका जागी लावणं, दोन बाजू म्हणजे दोन, पुन्हा केलं तर चार, पोटाला वरचं खालचं वेगळं. कॉस्मेटिक म्हणून वर जीएसटी, तो धरलाय का विचारा. इन्शुरन्समधून एक रुपया येत नाही. ईएमआय देतो म्हणतात तेव्हा उठून यावं असं मला बँकेत असून वाटतं.

धोका आहे का, आहे, आणि तो क्लिनिकमध्ये स्वतःहून कोणी सांगत नाही. काही जणांत चरबी कमी व्हायच्या ऐवजी त्याच जागी वाढते, कडक होते, यंत्राच्या आकाराचा उंचवटा येतो. पॅराडॉक्सिकल अ‍ॅडिपोज हायपरप्लेसिया असं लांबलचक नाव आहे, पहिली केस २०१४ मध्ये नोंदवली गेली. सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा आठवते? नव्वदच्या दशकात प्रत्येक मासिकावर तीच असायची. तिने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की तिला हेच झालं म्हणून ती घराबाहेर पडायची बंद झाली, कंपनीवर दावा लावला आणि २०२२ मध्ये समझोता झाला. हे होण्याचं प्रमाण कंपनीने सुरुवातीला वीस हजारांत एक असं सांगितलं होतं, नंतरच्या अभ्यासांत ते त्याहून बरंच जास्त निघालं, पुरुषांत अधिक. आपोआप जात नाही, लायपोसक्शनच, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, करावं लागतं, म्हणजे ऑपरेशन टाळायला गेलं आणि ऑपरेशनच गळ्यात. मी हे विचारलं तेव्हा समोरच्या मुलीने "मॅम, आमच्याकडे असं कधीच झालं नाही" म्हटलं, मी दुसरीकडे गेले. दुसरीकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतःच फॉर्मवर बोट ठेवून ते वाचायला लावलं, तिथे केलं.

थंडीने ज्यांच्या रक्तात गडबड होते, क्रायोग्लोब्युलिनेमिया वगैरे, त्यांनी ह्याच्या वाटेला जायचंच नाही. हर्निया असेल तर त्या जागी नाही. सिझेरवाल्यांनी टाक्यांच्या जागेचं आधी दाखवून घ्या, माझ्या पोटावर न करायला तेही एक कारण होतं.

बाकीचे प्रकार भराभर सांगते. लेझर: १०६० नॅनोमीटरचं, पट्ट्याने चार पॅड बांधतात, २५ मिनिटं, चरबी ४२ ते ४७ डिग्रीपर्यंत गरम करून पेशी मारायच्या, निचरा तसाच महिन्या-महिन्यांनी, परिणामही थंडीच्याच आसपास. ज्यांची चिमूट यंत्राच्या कपात नीट ओढली जात नाही त्यांना हे बरं पडतं. हायफू म्हणजे अल्ट्रासाऊंडचे किरण आत एका बिंदूवर एकवटायचे, दुखतं. ईएमस्कल्प्ट हे वेगळंच, चुंबकाने स्नायू आवळतात सोडतात, अर्ध्या तासात वीस हजार वेळा असं कंपनी सांगते, २०१८ ला आलं. स्नायू घट्ट होतात, चरबी थोडीफार. पेसमेकर, अंगात कुठे धातूची पट्टी, कॉपर टी, काहीही असेल तर आधी सांगायचं.

इंजेक्शनांबद्दल मात्र थांबते, कारण इन्स्टावर सध्या त्यांचाच सुळसुळाट आहे. डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड हे आपल्याच पित्तात असतं, चरबी फोडायचं काम करतं. तेच बनवून हनुवटीखाली टोचतात, डबल चिनसाठी, अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळाली आणि ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. पोटासाठी नाही, दंडासाठी नाही. महिन्या-महिन्याच्या अंतराने जास्तीत जास्त सहा वेळा, दर वेळी मान बेडकासारखी सुजते, आणि सुई चुकली तर जबड्याच्या नसेला लागून हसू वाकडं होऊ शकतं, बहुतेक वेळा नंतर सुधारतं पण तोवर काय. हे झालं मंजूर औषधाचं. पार्लरमध्ये "फॅट डिझॉल्व्हिंग" म्हणून जे काय काय मिसळून पोटात टोचतात त्याबद्दल एफडीएनेच लोकांना सावध केलंय, संसर्ग, गाठी, व्रण, कातडी विद्रूप होणं. माझ्या ऑफिसातली एक मुलगी लग्नाआधी दंडाला करून घेणार होती. तिला म्हटलं, बाटलीवरच्या लेबलचा फोटो माग. दिला नाही त्यांनी. विषय संपला.

आणि ते इंच लॉसवाले! रॅप गुंडाळतात, घाम काढतात, आधी टेप सैल धरून मोजतात, नंतर ओढून मोजतात, दीड इंच गेला म्हणून टाळ्या. पाणी गेलं हो. दोन ग्लास ताक प्यायलात की परत आलं. चरबी खरी कुठे जाते माहितीये? बहुतेक श्वासातून. दहा किलो चरबी जळली तर साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जाते, उरलेलं पाणी. रॅपमधून काही जात नाही.

भूक कमी करणारी इंजेक्शनं घेऊन वजन उतरवणारेही आता खूप झालेत, मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५ ला आलं, वेगोव्ही जूनला, तेव्हापासून ऑफिसात दर महिन्याला कोणी ना कोणी बारीक. त्यांना एवढंच सांगते, वजन उतरत असताना मशीनच्या मागे लागू नका, पाच-सहा महिने काटा एका जागी राहू द्या, निम्मा टायर तोवर आपणच जातो आणि कातडीही थोडी सावरते. परत वाढलं तर उरलेल्या पेशी आहेतच भरायला, मशीनचे पैसे पाण्यात.

माझ्या पोटाचं सध्याचं असं आहे की क्रंच पूर्ण बंद, फिजिओथेरपिस्टने श्वासाबरोबर पोट आत घ्यायचे, पाय सरकवायचे असे दिसायला फुसके व्यायाम दिलेत, ते सकाळी कुकर होईपर्यंत जमिनीवर पडून करते. फट थोडी कमी झालीये, पाठदुखी तर बरीच गेली. पूर्ण जवळ येईलच असं ती म्हणत नाही. वर्षभर वजन टिकलं तर एकदा प्लास्टिक सर्जनला भेटणार, स्नायू शिवून घेण्याबद्दल नुसतं ऐकून यायला. ह्यांचा प्रश्न तयार आहे, दोघांचं डिस्काउंट मिळेल का.